बॉयलरमावशी आत आल्या की

बॉयलरमावशी उंबऱ्याच्या बाहेर मराठी बोलायच्या आणि उंबरा ओलांडला की इंग्रजी. यात कधीही फरक पडला नाही. रस्त्यात व्हॅनमधून हत्यारांची पिशवी काढताना, "काय गं, बरी आहेस? केस किती वाढली तुझी! डबा खाल्लास का?" असं सगळं चालू असायचं. मग बुटांवर निळी प्लॅस्टिकची टोपणं चढवायच्या, पाय आत टाकायच्या आणि खलास. "वेअर इज द बॉयलर, प्लीज?" जणू आपल्याला जन्मात कधी पाहिलं नाही. तुम्ही कितीही मावशी मावशी करा, उत्तर इंग्रजीत यायचं. चहा विचारला तर "नो, थँक यू." काम संपवून पुन्हा फुटपाथवर आल्या की, "आता दे चहा, इथेच पिते."

कॉव्हेंट्रीतल्या आम्हा मराठी लोकांना हे फार लागायचं. एका काकूंचं ठाम मत होतं की बाईचा जन्म इथला, वडील इथल्या कारखान्यात होते, त्यामुळे हातात पाना आला की अंगात साहेब येतो. मी तर त्यांना तोंडावर शिष्ट म्हटलं आहे. कसल्या दिवशी म्हटलं ते पुढे सांगते. सांगायची लाज वाटते, पण सांगते.

साठी उलटलेली बाई. ठेंगणी, करडे केस पोरासारखे कापलेले, पॅंटला गुडघ्यांवर जाड गाद्या शिवलेल्या. गॅसचं काम करायचं रीतसर कार्ड गळ्यात. त्यांच्या मराठीत लिंगांची पार खिचडी असायची. भिंत 'तो', बॉयलर 'ती', घर तर रोज वेगळं. मी एकदा पुणेरी बाण्यानं दुरुस्त करायला गेले, तर म्हणाल्या, "तू बॉयलरची जेंडर सांग, मी तिचा लीक सांगते. बघू लोक कोणाला पैसे देतात." त्यानंतर मी तो नाद सोडला.

गणपतीत मराठी मंडळाच्या हॉलवर आरती झाली की प्रसादाच्या रांगेपेक्षा मावशींपुढची रांग मोठी असायची. हॉल म्हणजे कुणाचं घर नव्हे, त्यामुळे तिथे मराठी चालायची. सगळ्यांचा प्रश्न एकच, दुरुस्तीला किती पडतील? मावशी पेढा खात खात सांगायच्या, "आकडा नंतर विचार. आधी फोनवर विचार, येण्याचे किती? त्यात पहिला तास धरलाय का? दुरुस्त नाही झाला तरी द्यायचे का? मग आला की कार्ड बघ. पुढून सगळे बघतात, फोटो छान असतो. मागून बघ. मागे लिहिलंय तो कशाला हात लावू शकतो. मग विचार, पार्ट मिळतो का? मिळतच नसेल तर त्याचा भाव विचारून काय लोणचं घालणार?" वर्षभराच्या दुरुस्तीचा विमा, म्हणजे कव्हर, घेतलेल्या लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावायच्या. जुने बॉयलर त्यातून आधीच वगळलेले असतात, आणि हे आपल्याला कळतं कधी, तर पाणी गार झाल्यावर.

फुकटात होईल त्याचे पैसे मात्र त्यांनी कधी घेतले नाहीत. एका कडाक्याच्या सकाळी माझ्या ऑफिसातल्या एका मुलीचा बॉयलर बंद पडला. मावशींनी फोनवरच तिला घराच्या मागे उभं केलं, भिंतीतून बाहेर आलेली पांढरी नळी शोधायला लावली आणि तिच्यावर कोमट पाणी ओतायला सांगितलं. "उकळता नको, कोमट." नळीतलं गोठलेलं पाणी सुटलं, बॉयलर सुरू झाला. दुसरा कुणी याच नळीसाठी व्हॅन घेऊन आला असता आणि येण्याचे भरभक्कम पैसे घेऊन गेला असता.

त्यांचं ठरलेलं वाक्य मात्र वेगळंच होतं. बाकीचे कारागीर म्हणतात, काळजी करू नका. मावशी म्हणायच्या, "घाबर. घाबरायला पैसे पडत नाहीत." आणि स्वतः खरंच घाबरलेल्या असायच्या. मी त्यांना विषारी वायू मोजायचा मीटर धरताना पाहिलंय, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. इतकी वर्षं हेच काम करणारी बाई, आणि दर वेळी अशी, की आजच काहीतरी होणार. मला त्याचं हसू यायचं.

मी तेव्हा नुकतंच घर घेतलं होतं. एकटीच्या पगारावर, म्हणजे घर म्हणून जे परवडलं ते. हॉलमध्ये खोली गरम करायची गॅसची जुनी शेगडी आणि तिच्या मागे चिमणीच्या पोटात बसवलेला बॉयलर. मंडळात मावशींना हे सांगितलं तर त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला. "बॅक बॉयलर? अजून? थंडीच्या आधी सर्व्हिस कर. मला नको बोलवू, दुसऱ्या कुणाला बोलव, पण कर." मी हो हो म्हटलं आणि केली नाही. घराच्या खरेदीत खिसा रिकामा झालेला, आणि चालत्या वस्तूवर पैसे कशाला घालायचे, हा आमच्या घराण्याचा बाणा.

त्या घराण्याचे मुख्य म्हणजे दादा, माझे वडील. कराडला असतात. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, आई गेल्यापासून एकटे. वास्तुशांतीसाठी सहा महिन्यांच्या व्हिसावर आले. होमाच्या आधी गुरुजींनी छताकडे बोट दाखवलं, "ते दोन्ही डबे काढा, मंत्रांच्या मधेच बोंबलतात." एक धुराचा अलार्म, एक कार्बन मोनॉक्साइड या बिनवासाच्या विषारी वायूचा. दादांनी स्टुलावर चढून दोन्ही काढले. होम छान झाला. धुराचा डबा परत लागला, दुसरा चमच्यांच्या खणात राहिला. आपल्या लोकांच्या किती घरांत हे असं होत असेल, देव जाणे.

थंडी पडली तसं दादांना हॉलच्या भिंतीतलं जाळीचं भोक दिसलं. त्यातून बारीक वारा यायचा. "आठ इंचांचं भोक ठेवून घर बांधतात? आणि वर तू इथे हीटिंगचे पैसे भरतेस!" मी ऑफिसमधून आले तर भोक गायब. आत जुना टॉवेल कोंबलेला, वर पुठ्ठा, त्यावर पांढरा रंग, इतका बेमालूम की सांगितल्याशिवाय कळू नये. सरकारी नोकरीत आयुष्य गेलं तरी हातात कसब होतं माणसाच्या. मी म्हटलं, "दादा, झकास!" खरंच म्हटलं.

महिन्याभरात शेगडीची निळी ज्योत पिवळी झाली. दादांना ती आवडायची. "समईसारखी दिसते बघ," म्हणत ते दिवसभर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. मग त्यांचं डोकं दुखायला लागलं. मळमळ, सारखी झोप. बागेत चक्कर मारून आले की बरं वाटायचं, हॉलमध्ये बसले की पुन्हा तेच. मी म्हटलं थंडी बाधली. माझंही डोकं शनिवार-रविवारी धरायचं, तर म्हटलं आठवड्याचा शीण असेल. एवढी शिकलेली मी, दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते.

मग बॉयलर मधेच विझायला लागला, आणि मी घाबरले. पण कशाला घाबरले? बिलाला! तीन ठिकाणी फोन केले. एकानं नुसतं येण्याचंच असं काही सांगितलं की मी लगेच फोन ठेवला. दुसरा म्हणाला, त्याचे पार्ट आता बनत नाहीत. तिसऱ्यानं नवीन बसवायचा, चिमणी बंद करायची, नळ्या स्वयंपाकघरात फिरवायच्या, असं सांगून एक आकडा सांगितला. तो ऐकून मी खात्यातली शिल्लक बघितली. पगार होईपर्यंत रेटू, असं ठरवलं. विझला की दादा पुन्हा पेटवायचे. दोन आठवडे आम्ही असे काढले.

शेवटी एका शनिवारी दुपारी मावशींना फोन केला, तो सुद्धा मराठी माणूस थोडं कमी घेईल म्हणून. मी ज्योतीचं सांगत होते, तेवढ्यात त्यांनी मला तोडलं. "घरात कोणाचं डोकं दुखतंय?"

"दादांचं, पण ते थंडीमुळे..."

"बंद कर. आत्ता. सगळा खिडकी उघड. दादांना घेऊन रस्त्यावर उभी राहा. मी येते. आत जायचं नाही, काही विसरलं तरी नाही." आवाज इतका बारीक झाला होता की मला आधी त्या आहेत असंच वाटेना.

मी चडफडत सगळं केलं. दादा माकडटोपी आणि माझं जाडजूड पफर जॅकेट घालून फुटपाथवर उभे. समोरची गोरी म्हातारी पडद्याआडून बघतेय. मला आधी शरम वाटली, मग दादांनी माझा खांदा धरला. सहज नव्हता धरला, ते पडत होते. ओठ लालभडक झालेले, डोळे कुठे तरी भलतीकडे. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. मी "दादा, माझ्याकडे बघा, बघा माझ्याकडे" म्हणत राहिले आणि रस्त्याच्या टोकाला व्हॅन दिसेपर्यंत तेच म्हणत होते.

मावशी आल्या त्या मीटर हातात धरूनच. आत गेल्या, मीटर किंचाळायला लागला, इतक्या खिडक्या उघड्या असून. बाहेर आल्या, थांबल्या, पुन्हा गेल्या. भिंत हातानं चाचपत चाचपत नेमक्या त्या जागी आल्या आणि नखानं पांढरा रंग खरवडला. टॉवेल ओढून काढला; शेगडीला जळायला हवा त्याच भोकातून मिळायची. अलार्म कुठे आहे, असं इंग्रजीत विचारलं. दादांनी दारातूनच खणाकडे बोट दाखवलं. मावशींनी चमच्यांमधून तो डबा काढला. मग त्यांनी गॅस तोडला, नळीचं तोंड बंद केलं आणि बॉयलरला लाल रंगाचं लेबल बांधलं. धोका, वापरू नये.

दादा गयावया करायला लागले. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "बाळ, ऐक. बाहेर एवढी थंडी. भोक उघडलंस ना, झालं तर. सोमवारपर्यंत राहू दे. मी लेकीच्या घरात... तिला एवढा खर्च... बाळ, ऐक ना माझं."

"नो, सर." मावशी त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. "नो. आय वोन्ट."

माझं डोकं फिरलं. भीती होती, पैशांची धास्ती होती, आणि माझा म्हातारा बाप हात जोडतोय, तर ही बाई साहेबीण होऊन उभी. मी म्हटलं, "मराठी बोलायची लाज वाटते का हो तुम्हाला? की नवीन बॉयलर गळ्यात मारायचाय म्हणून चाललंय हे? शिष्ट कुठल्या!" सगळं म्हटलं. शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्यानं म्हटलं.

त्या मला इंग्रजीत एवढंच म्हणाल्या, की आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. कार्बन मोनॉक्साइड हे दोन शब्द दारातच सांग. दादांना झोपू देऊ नकोस. आणि व्हॅनचं दार उघडून उभ्या राहिल्या. आम्हाला हॉस्पिटलच्या दारात सोडलं आणि गेल्या.

तिथे दादांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला, रक्त घेतलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं कागद बघून शांतपणे सांगितलं की आणखी एक-दोन दिवस ते त्या खोलीत बसले असते, तर खुर्चीतून उठले नसते. एक-दोन दिवस! आणि माझा पगार व्हायला पाच दिवस होते. दादांनी मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "मीच बुजवलं गं ते. माझ्याबरोबर तूही गेली असतीस." आणि ढसाढसा रडले. मी त्यांना रडताना आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

त्यांना तिथेच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचे कपडे घ्यायला घरी आले, तर दारासमोर मावशी. बाजूला विजेवर चालणारे दोन हीटर. मी आत या म्हटलं, तर मान हलवली. "आत आले की मराठी बंद होते गं माझं. आणि मला तुला मराठीत सांगायचंय." पायरीवरच बसल्या. मीही बसले, दोघींच्या तोंडातून वाफ निघत होती.

"मी नवीन होते कामात. एक आजी होती, आपल्यातली. तिचा फायर असाच. मी म्हटलं बंद करावं लागेल. ती म्हणाली, बाळा, बाहेर बर्फ आहे, आजच्या दिवस राहू दे, उद्या सकाळी कर बंद. मला कोणी बाळा म्हणायचं नाही गं इथे. माझी आजी इंडियात, मी तिला दोनदा बघितली फक्त. मी राहू दिला."

"मग?"

"मग सकाळी बंद करायला गेले." बराच वेळ त्या हातमोजे काढत आणि घालत राहिल्या. "तिचा मुलगा दारात होता. तो मला म्हणाला, तुझी चूक नाही, बाळा. तो पण बाळाच म्हणाला. तेव्हापासून घरात मराठी नको. इंग्लिशमध्ये मला 'नो' येतो. मराठीत येत नाही."

मला माफ करा म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. तोंडातून निघालं, "हीटरचे किती द्यायचे?" त्या क्षणासाठी अजून स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं. मावशी उठल्या, म्हणाल्या, "काही नको. काम झालं की मंडळाच्या हॉलवर ठेव."

नवीन बॉयलर तुम्हीच बसवा, असं मी फोनवर म्हटलं. तर नाही म्हणाल्या. जो त्या बंद करायच्या, त्याच्या जागी नवीन त्या कधीच बसवायच्या नाहीत, मग हातचं केवढंही काम जावो. "लोकांना वाटतं विकायला बंद केला." कुणाला वाटतं, ते त्या बोलल्या नाहीत. मात्र तीन जणांकडून मागवलेली कोटेशनं त्यांनी फोनवर माझ्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतली. "हा स्वस्त आहे कारण चिमणीचं काम लिहिलंच नाही. नंतर लिहील, तेव्हा तुझा भिंत फुटलेला असेल. मधला घे. आणि त्याला लिहून द्यायला सांग, राहिलेलं काही निघालं तर किती." मी मधला घेतला. हप्ते बांधून घेतले. तो भला मोठा आकडा दर महिन्याला थोडा थोडा जातो आणि मी काही त्यानं मेले नाही.

दादा बरे झाले, मुदत संपल्यावर कराडला परतले. विमानतळावर मला म्हणाले, "त्या बाईंना माझ्या वतीनं सांग, मी उगीच हट्ट धरला. आणि सांग की मी आहे तो त्यांच्यामुळे." मी म्हटलं, सांगते.

आणि सांगितलं नाही. मंडळात त्या दिसल्या की मी हळूच दुसऱ्या घोळक्यात सरकायची. मला त्यांच्यासमोर जायची भीती वाटायची. शिव्या देतील ही भीती नाही, देणार नाहीत ही. संक्रांतीला जाऊ, मग पाडव्याला जाऊ, मग गणपतीत तर भेटतीलच. हीटरसुद्धा त्या नसतील ती वेळ बघून हॉलवर ठेवून आले.

या जानेवारीत मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला. मावशी गेल्या, हृदयविकारानं, दोन दिवसांपूर्वी. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्या रांगेतच कुणीतरी विचारलं होतं, दुसरा कुणी मराठी इंजिनिअर आहे का, येण्याचे किती घेतो? मी संतापून चार ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या. मला कोणत्या तोंडानं बोलायचं होतं?

मग दादांना फोन लावला. कराडला संध्याकाळ झाली होती, ते अंगणात झाडांना पाणी घालत होते, नळाचा आवाज येत होता. मी सांगितलं. त्यांनी नळ बंद केला.

"अरेरे," म्हणाले. मग म्हणाले, "पण माझं तेवढं सांगितलं होतंस ना गं त्यांना?"

मी म्हटलं, "हो दादा, तेव्हाच सांगितलं."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि पुन्हा पाणी घालायला लागले.